वाळू डावं-उजवं करत नाही

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक चाळिशीतले आहेत, तीन वर्षांपासून गोल्फ खेळतात. लिहितात डाव्या हाताने, खेळतातही डाव्या हाताने. चौघांच्या नेहमीच्या गटात डावखुरे ते एकटेच. ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) बरा चालतो, पटिंगही (होलकडे बॉल घरंगळवणं) ठीक आहे. पण ग्रीनलगतच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतालगतच्या, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) बॉल गेला की तीन-चार फटके तिथेच जातात. हल्ली तर दुसऱ्या फटक्यानंतर ते बॉल उचलून खिशात टाकतात, कारण बाकीचे तिघं ताटकळत उभे असतात. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर (क्लब म्हणजे गोल्फची काठी, फेस म्हणजे तिची बॉलला लागणारी बाजू, आणि थिन म्हणजे नुसत्या धारेने बसलेला फटका), "व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं करतो. फेस उजवीकडे उघडतो, पाय लक्ष्याच्या डावीकडे रोखतो, बॉल डाव्या टाचेसमोर ठेवतो. तरी क्लब वाळूत रुततो, नाहीतर बॉल थिन लागून ग्रीनपार जातो." त्यांचा क्लब म्हणजे ओळखीच्या कुणीतरी दिलेला डावखुरा वेज (छोट्या, उंच फटक्यांचा क्लब), त्यावर 58 आणि 04 असे आकडे कोरलेले. मागच्या महिन्यात त्यांनी सहज म्हणून एका मित्राचा उजव्या हाताचा सँड वेज घेतला, उजव्या बाजूने उभे राहिले आणि बॉल पहिल्याच फटक्यात बाहेर. मित्र म्हणाला, "डावखुऱ्यांचं बंकरमध्ये असंच असतं." आता प्रश्न असा, की उजव्या हाताने खेळायला शिकावं का? निदान बंकरपुरतं? की बंकर टाळत टाळतच खेळावं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे तर नेहमीचंच दुखणं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी अडखळले. "फेस उजवीकडे उघडतो."

अहो, तुम्ही डावखुरे आहात. तुमच्या हातातल्या क्लबचा फेस उजवीकडे वळवला की तो उघडत नाही, म्हणजे आकाशाकडे वळत नाही, मिटतो.

पुढची दोन वाक्यंही तशीच. पाय लक्ष्याच्या डावीकडे रोखले की उजव्या हाताच्या खेळाडूचा स्टान्स (उभं राहण्याची ढब) उघडा होतो, तुमचा बंद होतो. डावी टाच ही त्यांची पुढची टाच, म्हणजे लक्ष्याच्या बाजूची. तुमची ती मागची. थोडक्यात, तुम्ही मिटलेला फेस, बंद स्टान्स आणि मागच्या पायापाशी बॉल घेऊन बंकरमध्ये उभे राहता. असं उभं राहिल्यावर क्लब रुतला नसता तरच मला नवल वाटलं असतं. आणि एक सांगू? तुम्ही आज्ञाधारक आहात म्हणून तुमची ही गत झाली आहे. सांगितलेलं न ऐकणारा माणूस निदान कधीतरी चुकून बरोबर उभा राहिला असता.

हसू नका, मीही त्यातलीच. डाव्या हाताने खेळायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं मला बंकर म्हणजे शिक्षा वाटायची. माझे कोच उजव्या हाताचे. ते माझ्या मागे उभे राहून सूचना द्यायचे, "फेस उजवीकडे, अजून उजवीकडे," आणि मी निमूटपणे वळवायची. त्यांच्या डोक्यात त्यांचा क्लब, माझ्या हातात माझा. असे कितीतरी तास वाळूत गेले. मग एक दिवस ते कंटाळून समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काही ऐकू नकोस, मी करतो तसं कर. आरशात बघतेस असं समज." चौथा की पाचवा बॉल अलगद ग्रीनवर जाऊन बसला. आम्ही दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

म्हणून पहिली विनंती अशी, की बंकरपुरते 'डावा' आणि 'उजवा' हे शब्द विसरा. 'पुढचा' आणि 'मागचा' एवढंच म्हणा. लक्ष्याच्या बाजूचा पाय, हात, खांदा तो पुढचा. दुसरा तो मागचा. तुमच्या बाबतीत पुढचं म्हणजे उजवं. एकदा ही सवय लागली की कुठलंही पुस्तक, कुठलाही व्हिडिओ, कुठलाही कोच तुम्हाला चालेल. व्हिडिओ आरशातल्यासारखा, डावं-उजवं उलटवून बघायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. तसं केलं की पडद्यावरचा उजवा खेळाडू डावखुरा होतो. मात्र स्वतःचा स्विंग सेल्फी कॅमेऱ्यासमोर तपासू नका. त्या कॅमेऱ्यात आपण आधीच उलटे दिसतो, आणि तुमच्या डोक्यात आधीच पुरेसा गोंधळ आहे.

आता मित्राच्या क्लबने बॉल बाहेर का आला ते बघू, कारण तुमचा सगळा निष्कर्ष त्या एका फटक्यावर उभा आहे. त्या दिवशी तुम्ही उजव्या बाजूने उभे राहिलात आणि व्हिडिओतल्या सूचना शब्दशः पाळल्यात. या वेळी त्या तुमच्या बाजूच्या होत्या. फेस खरोखर उघडा, स्टान्स उघडा, बॉल पुढच्या टाचेसमोर. शिवाय हातात अनोळखी क्लब, उलटी बाजू, त्यामुळे बॉल उचलायची घाई नव्हती, अपेक्षाच नव्हती. तुमचा उजवा हात काही एका दिवसात शिकून आला नव्हता. योग्य उभं राहिल्यावर बंकर कसा सुटतो, एवढंच तुम्हाला त्या दिवशी दिसलं. आणि त्यात त्या क्लबचाही हात होता, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी हा फटका चालतो कसा ते नीट समजून घेऊ. ग्रीनलगतच्या बंकरमधला साधा फटका गोल्फमध्ये सगळ्यांत वेगळा, कारण इथे क्लब बॉलला लावायचाच नसतो. क्लब बॉलच्या साधारण चार-पाच सेंटीमीटर मागे वाळूत शिरतो, बॉलच्या खालून सरकतो आणि पुढे बाहेर पडतो. वाळूचा एक पातळ थर उडतो आणि त्या थरावर बसून बॉल बाहेर येतो. बॉलला उचलतो तो थर. तुम्ही पत्रात शेवटी लिहिलं आहे की "बॉल वर काढायचा खूप प्रयत्न करतो." तो प्रयत्न सोडा. बॉल वर काढायच्या नादात वजन मागच्या पायावर जातं, क्लब वाळूला लागायच्या आधीच वर यायला लागतो, आणि मग बॉल थिन लागून ग्रीनपार. तुमचे दोन प्रकारचे वाईट फटके दोन वेगळ्या कारणांनी होतात. रुतणारा मिटलेल्या फेसमुळे, उडणारा उचलायच्या हट्टामुळे.

क्लब वाळूखालून सरकतो कशामुळे, तर बाउन्समुळे. तुमचा वेज उलटा करून त्याचा तळ बघा. पुढची धार आणि मागची कड असे दोन काठ दिसतील. क्लब सरळ धरला की मागची कड धारेपेक्षा किंचित खाली लोंबते. त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो बुडत नाही, टप्पे खात जातो, तसं काम ही मागची कड वाळूत करते. धार आधी लागली तर क्लब फावड्यासारखा खाली जातो. कड आधी लागली तर तो घसरतो. फेस उघडला की कड आणखी खाली येते, बाउन्स वाढतो. फेस मिटला की उरलासुरला बाउन्सही जातो. उघडा म्हणतात तो यासाठी. बॉल उंच जावा हे त्याचं दुय्यम कारण.

ही युक्ती लोकांपर्यंत पोचवली ती मुख्यतः अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी. त्याआधी बंकरमध्ये पातळ धारेचेच क्लब वापरायचे, आणि तुमच्यासारखेच सगळे रुतायचे. सॅराझेननी क्लबच्या तळाला मागच्या बाजूला धातूचा थर चढवला, जेणेकरून मागची कड वाळूला आधी भिडेल. विमानाच्या पंखांची झडप पाहून ही कल्पना सुचली असं ते सांगत. 1932 मध्ये इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावरची ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा, त्यांनी हाच क्लब घेऊन जिंकली.

आता तुमच्या क्लबवरचे आकडे. 58 म्हणजे लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा), 04 म्हणजे बाउन्स, दोन्ही अंशांमध्ये. चार अंश म्हणजे फारच कमी. असा वेज कडक, ओल्या, घट्ट बसलेल्या वाळूत किंवा उघड्या जमिनीवर छान चालतो. भुसभुशीत वाळूत तो सुरीसारखा आत जातो. बंकरसाठी सर्वसाधारणपणे 54 ते 56 लॉफ्ट आणि 10 ते 14 बाउन्स बरा, आणि वाळू मऊ असेल तर बाउन्स जास्त असलेलाच घ्यावा. तुमच्या मित्राचा वेज बहुधा अशाच आकड्यांचा असणार.

डावखुऱ्यांची एकच खरी अडचण मला इथे दिसते. दुकानात उजव्या हाताचे वेज रांगेने लावलेले असतात आणि डावखुऱ्यांसाठी एखाद-दुसरा, तोही जो उरला असेल तो. मग आपण 'डावा आहे ना' एवढंच बघून घेतो. बाउन्स विचारायचं सुचतच नाही. कुणी प्रेमाने दिला असेल तर विचारायचा प्रश्नच मिटला. तुम्ही नवा घ्या असं मी लगेच म्हणणार नाही. आधी फेस खरोखर उघडून महिनाभर खेळून बघा, चार अंशांचा क्लबही उघडल्यावर बराच माणसात येतो. तरी रुतत राहिला तर मात्र आकडा विचारून, वाट बघून, हवा तोच मागवा. वापरलेलाही चालतो, फक्त तळ घासून सपाट झालेला नाही ना ते बघा.

तर उभं कसं राहायचं. क्लब हातात सैल धरा, अजून ग्रिप करू नका. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने दांडा थोडा फिरवा. लक्ष्याकडे बघणारा फेस आता लक्ष्याच्या डावीकडे आणि जरा आकाशाकडे बघायला लागेल. मग ग्रिप करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ग्रिप करून मनगटं वळवली तर फटक्याच्या क्षणी ती परत जागेवर येतात आणि फेस पुन्हा मिटतो. पुढचा पाय, म्हणजे तुमचा उजवा, थोडा पाठीच्या दिशेने घ्या, म्हणजे पायांची रेघ लक्ष्याच्या उजवीकडे जाईल. बॉल पुढच्या टाचेच्या थोडा आत. वजन निम्म्याहून जास्त पुढच्या पायावर, आणि ते तिथेच ठेवा, स्विंगभर. पाय वाळूत थोडे हलवून रोवा. त्याने घसरायला होत नाही, आणि वाळू किती खोल, किती मऊ हेही कळतं. वाळूचा अंदाज घेण्याचा नियमात बसणारा हा सोपा मार्ग आहे. हाताने किंवा क्लबने वाळू चाचपून बघितली तर दंड.

स्विंग पायांच्या रेघेवरून करा, फेस आपलं काम करेल. आणि थांबू नका. नवखे खेळाडू वाळूत क्लब शिरला की तिथेच सोडून देतात, 'धप्प' असा आवाज येतो आणि बॉल दोन हात पुढे जाऊन बसतो. वाळू जोर खाते. गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी लागेल त्याच्या दुपटीहून मोठा स्विंग इथे लागतो, आणि सुरुवातीला तो तुम्हाला वेड्यासारखा मोठा वाटेल. शेवटी फेस आकाशाकडेच असला पाहिजे. फॉलो-थ्रूच्या (फटक्यानंतर क्लब पुढे जातो त्या भागाच्या) अर्ध्यावर थांबून बघा, फेसवर मूठभर वाळू ठेवली तर ती टिकेल का? टिकेल असं वाटलं तर बरोबर. सांडेल असं वाटलं तर मनगटं उलटली.

सराव मात्र बॉलने सुरू करू नका. सरावाच्या बंकरमध्ये जा, क्लबच्या दांड्याने लक्ष्याला काटकोनात एक लांब रेघ ओढा. रेघेच्या टोकाशी उभे राहा, रेघ दोन पायांच्या मधोमध किंवा किंचित पुढच्या पायाकडे. आता बॉलशिवाय स्विंग करा आणि वाळूत खड्डा कुठे सुरू झाला ते बघा. रेघेवर सुरू व्हायला हवा. मग रेघेला धरून एक पाऊल सरकून पुन्हा. रेघ संपेपर्यंत दहा-बारा खड्डे होतील. पहिल्या दिवशी ते सैरावैरा असतात, काही रेघेच्या वीतभर मागे, काही पुढे. मागे सुरू होणारे खड्डे म्हणजे वजन मागच्या पायावर राहिलं. खोल, तिरके खड्डे म्हणजे फेस मिटला. उथळ, लांबट, साधारण तळहातासारखे खड्डे रेघेवर रांगेने यायला लागले की तुमचं काम झालं. मग रेघेच्या चार-पाच सेंटीमीटर पुढे बॉल ठेवा आणि बॉलकडे न बघता रेघेकडे बघून मारा. मी आजही मोसमातली पहिली फेरी खेळण्याआधी अशा दोन रेघा ओढते. खड्डे खोटं बोलत नाहीत, मित्र बोलतात.

याच्या जोडीला फक्त मागच्या हाताने, म्हणजे तुमच्या डाव्या हाताने, वेज धरून छोटे स्विंग करा. एका हातात जोर कमी असतो, त्यामुळे क्लब खुपसता येत नाही, तो आपोआप घसरायला शिकतो. तुम्ही लिहिताही त्याच हाताने, म्हणजे हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ.

प्रत्यक्ष खेळात ही रेघ ओढायची नाही, हे सांगायला नको. बॉलच्या लगेच मागे-पुढे क्लब टेकवणं, सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला लावणं, बॅकस्विंगमध्ये वाळू घासणं, या सगळ्याला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे. 2019 च्या बदलांनंतर नियम बरेच मवाळ झाले आहेत. बंकरमधलं पान, खडा, काटकी आता काढता येते, फक्त बॉल हलता कामा नये. आणि वैतागून वाळूवर क्लब आपटला तरी आता दंड नाही. डेन्मार्कच्या थॉमस ब्यॉर्नला ही सवलत 2003 मध्ये मिळाली असती तर बरं झालं असतं. रॉयल सेंट जॉर्जेसच्या ओपनमध्ये पहिल्या दिवशी बंकरमधून बॉल निघेना, तेव्हा त्याने रागाने वाळूवर क्लब मारला आणि दोन फटक्यांचा दंड घेतला. शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना सोळाव्या होलच्या बंकरमधून बाहेर यायला त्याला तीन फटके लागले, दोनदा बॉल घरंगळत परत त्याच्या पायाशी आला. स्पर्धा त्याने एका फटक्याने गमावली. 1978 च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर जपानच्या त्सुनेयुकी 'टॉमी' नाकाजिमाने ग्रीनवरून पटने बॉल बंकरमध्ये घातला, बाहेर काढायला चार फटके घेतले आणि होलवर नऊ लिहिले. दोघेही उजव्या हाताचे बरं का. तुमच्या त्या मित्राला सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, उजव्या हाताने शिकावं का. माझं मत स्पष्ट आहे, नाही. उलट बाजूने सगळा स्विंग पुन्हा बांधायचा म्हणजे तीन वर्षांत बसवलेला ड्रायव्हर आणि पटिंग दोन्ही सोडायचं. कशासाठी, तर फेस कुठल्या दिशेला उघडतो हे नीट कळलं नव्हतं म्हणून? कॅनडाचा गोल्फपटू माइक वेअर तेरा वर्षांचा असताना त्याला हाच प्रश्न पडला होता. त्याने थेट गोल्फमधला दिग्गज जॅक निक्लॉसला पत्र लिहून विचारलं, आणि निक्लॉसचं उत्तर आलं की तुझा स्विंग नैसर्गिक आहे तसाच राहू दे. 2003 मध्ये वेअर मास्टर्स ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा जिंकला, मास्टर्स जिंकणारा पहिला डावखुरा. त्याच्या कितीतरी आधी, 1963 मध्ये, न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने ओपन जिंकून डावखुऱ्यांचं खातं उघडलं होतं. 2023 च्या ओपनमध्ये हॉयलेकला अमेरिकेचा ब्रायन हारमन सहा फटक्यांनी जिंकला, तोही डावखुरा. तिथल्या बंकरचे तळ सपाट आणि भिंती उभ्या होत्या, बॉल भिंतीला चिकटून बसायचा. पहिल्या दिवसानंतर आयोजकांना वाळू वेगळ्या पद्धतीने, कडेला थोडा चढ देऊन ओढायला सांगावी लागली, इतके ते अवघड होते. हारमनची मदार बंकर टाळण्यावर होती, ही गोष्टही तितकीच खरी. पण तुमच्या टाळण्याबद्दल नंतर.

आणि कोणता हात कुठे वापरावा याचं एवढं सोवळं कशाला? अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू फिल मिकेल्सन गोल्फ सोडून बाकी सगळं उजव्या हाताने करतो. लहानपणी तो वडिलांच्या समोर उभा राहून त्यांचा स्विंग आरशासारखा उचलत गेला, म्हणून गोल्फमध्ये डावखुरा झाला. आपला सचिन लिहितो डाव्या हाताने, बॅट धरायचा उजव्या. दोन हातांनी धरायच्या खेळात कुठला हात 'मुख्य' हे ठरवायला गेलं की डोकं दुखायला लागतं. जो स्विंग सहज येतो तो आपला.

एका ठिकाणी मात्र उजवी बाजू तुमच्या कामाची आहे. बॉल बंकरच्या कडेला असा अडकला की डाव्या बाजूने उभं राहायला जागाच नाही, तर वेज उलटा करून, टोक खाली ठेवून उजव्या बाजूने एक छोटा फटका मारायला नियमाची हरकत नाही. क्लबच्या डोक्याच्या कुठल्याही भागाने मारता येतं. असे प्रसंग मोसमात दोन-तीनदा येतात, तेवढ्यासाठी सरावात पाच-सहा बॉल मारून ठेवा. याहून जास्त नको.

बंकर टाळत खेळण्याचा पर्याय तुम्ही जरा ओशाळून लिहिला आहे. ओशाळायचं कारण नाही. पिन (होलमधला झेंडा) बंकरच्या अगदी मागे असेल तर ग्रीनच्या मोकळ्या बाजूला मारणं हे शहाणपण आहे, आणि ते चांगले चांगले खेळाडू करतात. पण भीतीने टाळणं वेगळं. भीती असली की डोळा बंकरवरच जातो, आणि डोळा जातो तिथे बॉल जातो. आधी बाहेर येता येऊ द्या, मग टाळा. बॉल खरोखरच खेळण्यासारखा नसेल, कडेखाली पूर्ण गाडला गेला असेल, तर अनप्लेएबल जाहीर करता येतो. एका फटक्याच्या दंडात बंकरच्या आतच दुसरीकडे ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं), आणि दोन फटक्यांच्या दंडात बंकरच्या बाहेर, पिनपासून बॉलपर्यंतची रेघ मागे वाढवून त्या रेघेवर. तुम्ही आत चार फटके घालवत असाल तर दोनचा दंड स्वस्त आहे, हिशेब करा. आणि पुढची कड अगदी बुटकी, वाळू घट्ट असेल तर सरळ पटर घ्या. दिसायला गमतीशीर दिसतं, स्कोअरकार्डवर दिसत नाही.

अपेक्षाही जरा खाली आणा. टूरवरचे, म्हणजे व्यावसायिक, खेळाडू ग्रीनलगतच्या बंकरमधून दोन फटक्यांत होल संपवतात ते साधारण निम्म्याच वेळा. तुम्ही पुढचे दोन महिने फक्त एवढंच ठरवा की पहिल्या फटक्यात बाहेर यायचं आणि ग्रीनवर कुठेही थांबायचं. पिनजवळ गेला तर बोनस.

राहिले मित्र. तुम्ही वाळूत उतरलात की तिघेही वरून सूचना देत असतील, आणि तिघांच्या सूचना उजव्या हाताच्या असतील. स्पर्धेत असाल तर त्यांना आठवण करून द्या की दुसऱ्या खेळाडूला असा सल्ला देणं हाच दंडाचा प्रकार आहे, सल्ला देणाऱ्याला दोन फटके. ही गोष्ट सांगितल्यावर बहुतेक जण एकदम गप्प होतात. एरवीच्या खेळात त्यांना प्रेमाने सांगा की आत असताना बोलू नका, बाहेर आल्यावर हवं ते बोला. आणि बॉल खिशात टाकायची सवय मोडा. दुसऱ्या फटक्यानंतर उचलत राहिलात तर तिसऱ्या फटक्यातून जे शिकायला मिळतं ते कधी मिळणारच नाही. वेळ जातो याची लाज वाटत असेल तर तो रेकमध्ये (वाळू सपाट करायच्या दाताळ्यात) वाचवा. रेक बंकरमध्ये शिरतानाच सोबत घ्या, फटका झाला की लगेच ओढून बाहेर पडा.

ओला बंकर, उतारावरचा बॉल, वाळूत अर्धा गाडला गेलेला बॉल, यांवर वेगवेगळं लिहिता येईल, पण आत्ता नको. गाडलेल्या बॉलपुरतं एकच. तिथे उलट फेस मिटवावाच लागतो, खणूनच काढायचा असतो, आणि तुम्ही तीन वर्षं नकळत त्याचाच सराव केला आहे. तेवढा एक फटका तुम्हाला तुमच्या मित्रांपेक्षा चांगला जमेल.

दोन महिन्यांनी कळवा. बॉल कुठे गेला ते नको, वाळूतल्या खड्ड्याचा फोटो पाठवा. आणि पुढच्या वेळी भेटाल तेव्हा त्या मित्राच्या सँड वेजचा तळ उलटा करून बाउन्सचा आकडा तेवढा वाचा. 12 किंवा 14 असला तर तो त्यालाही दाखवा.